मेंढ्याच्या कानात

आमचे हे मेंढ्याचं काळीज वाचतात. सिप्पर शहरात इब्बी-इलब्रत बारूचं, म्हणजे कौल सांगणाऱ्याचं, घर कुठं म्हणून विचारा, शमशच्या देवळामागच्या गल्लीत कुणीही दाखवील. आणि कुणी नाहीच भेटलं तर नाकाच्या मागं जा. देवदाराचा धूर आणि मेंढ्यांचा वास, दोन्ही आमच्या भिंतींत मुरलेत.

लोक काय काय विचारायला येतात! नाव आज सोडू की थांबू? सासरा ह्या दुखण्यातून उठेल का? कालव्याचा फाटा इकडून काढू की तिकडून? हे सगळं ऐकून घेतात. पहाटे अंघोळ करून, देवदाराची काडी चघळत सूर्यदेव शमशला आणि वादळाच्या मालकाला, अददला, हाक मारतात आणि मेंढ्याच्या कानात प्रश्न सांगतात. देव उत्तर लिहितो ते त्या मेंढ्याच्या काळजावर. हे ते वाचतात. मग हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. एकदा एका सरदारानं डोळे वटारून म्हटलं, "जरा नीट बघ, होकार निघतो का ते." तर हे म्हणाले, "सरकार, मी नुसता वाचणारा. लिहिणारा वर बसलाय, त्याच्यावर डोळे वटारा."

असा बाणेदार माणूस. पण घरात? घरात "आज कांदा घालू की लसूण?" एवढं विचारलं तरी आभाळाकडे बघत बसायचे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ह्यांना एक थोरले भाऊ, पुझुर. तेही बारूच. दोघं एकाच बापाच्या हाताखाली शिकले, शिकण्यासाठी मातीचं केलेल्या काळजावर बोटं फिरवत. एकदा दोघांनी मिळून एक कौल घेतला. काळजावर एक बारीक भेग होती. हे म्हणाले, देवाची खूण. भाऊजी म्हणाले, कसली खूण, तुझ्या सुरीचा ओरखडा आहे. बोथट सुरी ठेवली की असंच व्हायचं. बारूच्या सुरीला बोथट म्हणणं म्हणजे गवळणीच्या दुधाला पाणी म्हणणं. शब्दानं शब्द वाढला. भाऊजींनी आपलं चंबूगबाळं उचललं आणि कालव्यापलीकडे बिऱ्हाड केलं. तेव्हा आमची लेक तबनी नुकती पळायला-बोलायला लागली होती. ती लग्नाला आली तरी दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. बाजारात समोरासमोर आलेच, तर हे एकदम जवळची भिंत निरखायला लागायचे, जणू तीच विकत घ्यायची आहे.

तर ही आमची एकुलती एक तबनी. बापाची लाडकी, आणि जीभ माझी. नदीच्या धक्क्यावर ती तेल आणायला जायची. तिथं दिलबतहून इम्गुर नावाचा तेल्याचा मुलगा तिळाच्या तेलाचे रांजण घेऊन यायचा. एके दिवशी स्वतःच सांडलेल्या तेलावरून त्याचा पाय सरकला आणि तो थेट तबनीच्या पायाशी आडवा. दुसरी किंचाळली असती. ही म्हणाली, "एवढं वाकून नमस्कार नको. तेल तेवढं नीट मोजून दे."

त्यानंतर आमच्या घरातलं तेल फार भराभर संपायला लागलं.

जवाची कापणी उरकली तसा इम्गुर आईला घेऊन आला. आई बेलाया, विधवा, आवाज असा खणखणीत की धक्क्यावर बोलली तर देवळात ऐकू जावं. नवऱ्यामागं तेलाचा घाणा तिनं एकटीनं चालवला होता. येताना तिनं तेल आणलं, खजुराच्या पाकातल्या वड्या आणल्या, आणि कौलासाठी एक पांढराशुभ्र मेंढा आणला.

"विहीणबाई," ती दारातूनच म्हणाली, "अजून व्हायच्या आहात हे ठाऊक आहे मला. पण मी म्हणायला सुरुवात करते, म्हणजे जिभेला वळण पडेल."

मला ती बाई तिथंच आवडली. मुलगाही आवडला. पडला तरी हसत उठणारा पोरगा. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "मुलगा चांगला आहे. घर चांगलं आहे. बघू. देवाला विचारू."

विचारायचं तर होतंच. बारूच्या मुलीचं लग्न कौलाशिवाय झालं असतं तर गावानं तोंडात शेण घातलं असतं. पण त्या दिवसापासून हे गप्प झाले. जवाची बिअर पुढ्यात ठेवली तर वेताची नळी नुसती आत फिरवत बसायचे. मी म्हटलं, कामाचा ताण असेल.

कौलाची पहाट उजाडली. मी आणि तबनी दाराशी उभ्या होतो, बेलाया आणि इम्गुर भिंतीलगत. ह्यांनी पिठाच्या छोट्या राशी घातल्या, धूर केला. पूर्वेला तांबडं फुटलं तसे हात वर करून मोठ्यानं म्हणाले, "शमशा, न्यायाच्या मालका! अददा, कौलाच्या मालका! माझी मुलगी तबनी दिलबतच्या इम्गुरच्या घरी नांदायला गेली, तर ती सुखात राहील का? खरं ते दाखवा." मग मेंढ्याजवळ बसले आणि त्याच्या कानाला तोंड लावलं.

इतकी वर्षं मी हे बघत आलेय. कानात बोलायला एक श्वास पुरतो. त्या दिवशी मात्र मेंढा मान हलवायला लागला तरी ह्यांचे ओठ हलतच होते.

मग मेंढा कापला. काळीज तबकात घेऊन हे उजेडात बसले. त्या काळजावर ह्या लोकांच्या भाषेत एक वाट असते, एक दार असतं, एक बोट असतं. उजवी बाजू विचारणाऱ्याची, डावी परक्याची. मला त्यातलं फार कळत नाही. मला नवऱ्याचा चेहरा वाचता येतो. तो आधी पांढरा पडला आणि मग, का कोण जाणे, सैल झाला.

"देव नाही म्हणतोय," हे म्हणाले.

इम्गुर खाली बसला. तबनी रडली नाही. तंदूरपाशी गेली आणि भाकरी थापायला लागली. थापायला म्हणजे काय, एकेक भाकरी अशी फटकारून तंदूरच्या भिंतीला चिकटवत होती की शेजारीण डोकावून गेली.

बेलायानं डोळे पुसले आणि ताठ उभी राहिली. "देवाचा नकार मी मान्य करते. माझ्या घाण्याचा बैल मेला, नवरा मेला, दोन्ही मान्य केलं. पण नकार आहे तर तो दोन तोंडांतून येऊ दे. दुसऱ्या बारूनं बघितलं पाहिजे. रीतच आहे तशी."

"रीत आहे," हे पुटपुटले. "पण गावात दुसरा बारू कुठं आहे? एक आहे तो तापानं पडलाय, दुसरा राजाच्या फौजेबरोबर गेलाय."

"आणि तिसरा?" मी विचारलं.

हे भिंत निरखायला लागले.

मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि परत आले तर काय बघते? हे तबनीच्या मागाजवळ बसलेले. त्या मागाचा एक खांब कधीचा डुगडुगत होता. "अहो, बघा ना जरा," म्हणून मी थकले होते. आणि आज, लेकीचं लग्न मोडलेल्या सकाळी, हा माणूस तिथं बसून खांबाला दोरी आवळतोय. तोंडानं बारीक शीळ घालतोय.

लेक घरीच राहणार, तर तिला माग लागणार. असं होतं ते, पण ते मला मागाहून उमगलं.

माझ्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. काय ते कळलं नाही, पण पाय आपोआप निघाले. काळजावर ओलं फडकं घालून ते रांजणांच्या गारव्यात ठेवलं आणि तबनीला म्हटलं, "ह्याच्याजवळून हलू नकोस. मांजरीला तर नाहीच, पण बापालाही हात लावू देऊ नकोस."

टोपलीसारख्या गोल नावेतून मी कालवा ओलांडला. पुझुर भाऊजी अंगणात कांद्याच्या वाफ्याला पाणी सोडत होते. डोकं पार पिकलेलं, पण नाक तेच, ह्यांच्यासारखं. मला बघून त्यांनी पाण्याची वाट बंद केली.

"कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही मेलं, भाऊजी. तबनीच्या लग्नाचा कौल घेतलाय. नकार आलाय. दुसऱ्यानं बघायला हवा."

"त्यानं बोलावलंय?"

"नाही. मी बोलावतेय."

"मग त्याला म्हणावं, सुरीला धार लाव." भाऊजी पुन्हा वाफ्याकडे वळले.

मी पण अशी तशी नाही. तिथंच बांधावर बसले. "भाऊजी, सुरी राहू द्या. तुम्ही तबनीला खांद्यावर बसवून धक्क्यावर न्यायचात, आठवतं? तुमचे केस वल्ह्यासारखे धरून ती तुम्हांला हाकायची. त्या पोरीनं आज सकाळपासून जेवढ्या भाकऱ्या थापल्यात, तेवढ्या आख्ख्या गल्लीला संपणार नाहीत. मुलगा चांगला आहे. ती त्याच्याकडे बघते तेव्हा मला माझं लग्न आठवतं. आणि माझ्या नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय. लग्न मोडलं, आणि हे शीळ घालताहेत."

"शीळ?" भाऊजी वळले. "कुठली? आबा मासे धरायला जायचे तेव्हा घालायचे ती?"

"तीच."

भाऊजींनी मातीचे हात कापडाला पुसले. "लहानपणी मध चोरून खाल्ला की इब्बी तीच शीळ घालायचा," ते म्हणाले. "थांब. अंघोळ करून येतो. आणि हे बघ, मी त्याच्यासाठी येत नाही. शमशच्या कामाला येतोय."

"हो हो, शमशच्याच," मी म्हटलं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ह्यांनी भावाला दारात बघितलं आणि हातातली दोरी सुटली.

"दादा," हे म्हणाले. एवढंच.

"काळीज कुठंय?" भाऊजी म्हणाले. तेही एवढंच.

तबनीनं तबक आणून ठेवलं. भाऊजींनी एकदा तिच्याकडे वर मान करून पाहिलं. त्यांच्या खांद्यावर बसणारी पोर आता त्यांच्याइतकीच उंच झाली होती. त्यांनी नाक ओढलं आणि फडकं बाजूला केलं.

मग दोन्ही भाऊ तबकावर वाकले. पहिल्यांदा नुसतं हूं हूं चाललं होतं.

"ही भेग?" भाऊजी म्हणाले.

"खूण आहे."

"सुरी आहे."

"खूण आहे, दादा! कड बघ तिची. सुरीची कड अशी गोल असते?"

"बोथट सुरीची असते."

"तू कालवा ओलांडून हे ऐकवायला आलास?"

"तू नीट वाचलं असतंस तर यावं लागलं असतं का!"

बेलाया माझ्या कानाशी लागली. "विहीणबाई, हे नेहमी असंच असतं?"

"नाही हो," मी म्हटलं. "बरीच वर्षं बंद होतं."

भाऊजींनी काळीज उचलून सूर्याकडे धरलं, बोटानं चाचपलं, वास घेतला, परत ठेवलं. शेवटी म्हणाले, "नकार खरा आहे. इतका साफ नकार मी फार कमी पाहिलाय."

इम्गुरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तबनीनं माझा दंड असा दाबला की वळ उठला.

"पण," भाऊजी म्हणाले, "हा नकार लग्नाला नाही."

आमचे हे एकदम ताठ झाले.

"इकडे बघा सगळे," भाऊजी म्हणाले. "ही वाट. सरळ आहे, लांब आहे, कुठं अडत नाही. जी पोरगी प्रवासाला निघणार तिला याहून चांगली वाट देव काय देणार? हे दार. उघडं. जिथं जायचं त्या घराला कसली खोट नाही. वाईट आहे ते सगळं इथं, उजव्या अंगाला. हा काळा डाग, हा खड्डा. ही जागा विचारणाऱ्याची. मागं घरात राहील त्याला दुःख, असं देव सांगतोय. इब्बी, तू प्रश्न काय विचारलास?"

"सगळ्यांनी ऐकलाय. तबनी इम्गुरच्या घरी गेली तर सुखात राहील का."

"हे तू मोठ्यानं म्हटलंस. मेंढ्याच्या कानात काय सांगितलंस?"

"तेच."

"इब्बी. आबा काय म्हणायचे? मेंढा बहिरा नसतो. कानात काय सांगितलंस?"

हे भिंतीकडे वळले. मी जाऊन भिंतीच्या आणि ह्यांच्या मधे उभी राहिले. आता बघा कुठं बघता ते!

सरदाराला न घाबरलेला माणूस, आणि हळू आवाजात, एखाद्या पोरासारखा म्हणाला, "मी तेच सांगणार होतो. देवाशपथ. पण तोंड कानाशी नेलं आणि तो मेंढा असा माझ्याकडे बघायला लागला... मग तोंडातून दुसरंच निघालं. म्हटलं, शमशा, माझी तबनी गेली तर मी सुखात राहीन का?"

मग बेलाया हसली. तिचं हसणं तिच्या आवाजासारखंच, पारव्यांचा थवा गच्चीवरून उडाला. मग इम्गुर हसला, मग मी, आणि शेवटी भाऊजी तबक बाजूला सारून मांडीवर हात आपटून हसले. "अरे वेड्या! मग नाही येणार तर काय येणार? देवानं मेंढ्याच्या काळजावर तुझंच काळीज काढून दाखवलंय!"

"मी खोटं वाचलं नाही," हे कळवळून म्हणाले. "नकारच होता. मी वाचताना खोटं बोललो नाही."

"वाचताना नाही," मी म्हटलं. "विचारताना."

तबनी मात्र हसत नव्हती. ती बापाजवळ जाऊन जमिनीवर बसली. मला वाटलं, आता ही बोलेल तर घर पेटेल. ती म्हणाली, "बाबा, मी सकाळपासून देवावर रागावले होते. भाकऱ्या थापताना त्याला नाही नाही ते बोलले. आता त्याची माफी मागावी लागणार, तुमच्यामुळे."

"माग," हे म्हणाले. "माझीही थोडी माग."

"आणि दिलबत काय पाताळात आहे? इम्गुरची नाव येते ना. मी रिकाम्या रांजणात बसून येईन."

"रांजणात नको," इम्गुर घाईघाईनं म्हणाला. "मी उतरवताना हातातून सुटतो कधी कधी."

तेव्हा कुठं ती हसली आणि डोळे पुसायला लागली. आणि हे तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले. तिचा सकाळचा भाकऱ्यांचा ढीग आम्ही त्या दुपारी मांसाबरोबर संपवला. थोड्या कडक झाल्या होत्या, रागाच्या होत्या ना. भाऊजींनी चार वेळा मागून घेतल्या.

खरा प्रश्न अजून विचारायचा राहिलाच होता. भाऊजींनी आपल्या गोठ्यातला तपकिरी मेंढा आणला आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा सगळी मांडामांड झाली. ह्या वेळी भाऊजींची अट होती: इब्बीनं कानातही मोठ्यानंच बोलायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

हे मेंढ्याजवळ बसले, छाती भरून श्वास घेतला आणि त्याच्या कानात जी गर्जना केली, "तबनी इम्गुरच्या घरी गेली तर सुखात राहील का?" ती ऐकून मेंढ्यानं एकच उडी घेतली. दोरी तुटली, पिठाच्या राशी उधळल्या आणि मेंढा दारातून बाहेर.

"धरा! धरा!" भाऊजी ओरडले. "अंगावर ओरखडा आला तर कौलाला चालायचा नाही!"

इम्गुर पळाला. मागून तबनी, मागून बेलाया, पदर खोचून. मेंढा गल्लीतून बाजाराकडे, बाजारातून कालव्याकडे. मासेवाल्यांनी टोपल्या आडव्या घातल्या, तर तो त्यांच्यावरून गेला. कालव्याच्या पायऱ्यांवर पाणी भरायला आलेल्या बायका हंडे टाकून बघत राहिल्या. शेवटी कालव्याच्या काठच्या चिखलात तो फसला, आणि इम्गुर पाय घसरून त्याच्या शेजारीच फसला. पण ह्या वेळी घसरणं कामी आलं. पडता पडता त्यानं मेंढ्याच्या गळ्यात हात टाकला आणि तो काही केल्या सोडला नाही.

खांद्यावर मेंढा घेऊन तो परत आला, तेव्हा दोघांत मेंढा कुठला हे सांगणं कठीण होतं. तबनीनं आधी मेंढ्याला अंघोळ घातली. "तू नंतर," ती इम्गुरला म्हणाली. "तुझं काळीज कुणी बघणार नाही."

"बघितलंस की तू," तो म्हणाला. बेलायानं वर आभाळाकडे बघितलं आणि मी खाली जमिनीकडे.

तोवर सूर्य चांगला वर आला होता. भाऊजी म्हणाले, हरकत नाही, शमश थांबलाय; त्यालाही गंमत वाटली असणार. प्रश्न पुन्हा विचारला, ह्या वेळी माणसाच्या आवाजात. भाऊजींनी मेंढा कापला, ह्यांनी काळीज तबकात घेतलं. दोन्ही डोकी खाली वाकली. पुन्हा हूं हूं.

"वाट?" भाऊजी म्हणाले.

"सरळ."

"दार?"

"उघडं."

"उजवं अंग?"

"स्वच्छ. आरशासारखं स्वच्छ आहे, दादा."

"मग सांग ना, मठ्ठा. मुलीचा बाप तू आहेस."

हे उभे राहिले आणि म्हणाले, "देव हो म्हणतोय."

त्यानंतर जे काही झालं त्यात मला अर्धंच आठवतं. शेजारपाजार जमला. कुणी डफ आणला, कुणी बिअरचा मोठा रांजण आणला आणि सगळे त्यात वेताच्या नळ्या घालून गोल बसले. तबनीच्या डोक्यावरून पदर घेतला, आणि इम्गुरनं लग्नाच्या रीतीप्रमाणे आपल्याच घाण्याचं तेल तिच्या माथ्यावर ओतलं. हात न थरथरता ओतलं, एक थेंब जमिनीवर नाही. बेलाया म्हणाली, जन्मात पहिल्यांदा.

दोघे भाऊ मात्र तबक सोडायला तयार नव्हते. काळजाच्या टोकाला एक बारीक फुगवटा होता. हे म्हणत, पहिला मुलगा होणार. भाऊजी म्हणत, छे, तिळाचं पीक जोरात येणार. बाकीचे नाचत होते आणि हे दोघं त्या फुगवट्यावरून हातवारे करत होते.

"अहो, दोन्ही होऊ दे की," मी म्हटलं.

"तसं नसतं!" दोघं एकदम म्हणाले.

नाव सुटायच्या दिवशी हे धक्क्यावर मोठ्यानं रडले. लपवलं नाही, भिंत शोधली नाही. हमाल थांबून बघत होते. तबनी नावेतून हात हलवत राहिली. नदी वळली तिथं तिची ओढणी दिसेनाशी झाली, तरी हे तिथंच उभे. भाऊजी शेजारी उभे होते. म्हणाले, "चल, माझ्या कांद्याला पाणी द्यायचंय." आणि दोघं गेले.

देव खरं बोलला होता. ती गेल्यावर हे सुखात राहिले नाहीत. कित्येक महिने जेवणात लक्ष नाही, कौल घेतानाही उसासे. लोक घाबरायचे, की आपल्या नावेबद्दल काही वाईट दिसलं की काय. मग पाऊसकाळ सरता सरता एक दिवस हे म्हणाले, "दादाकडे जाऊन येतो," आणि संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरचा नावाडी सांगत आला, की तुमचे बारू दिलबतच्या नावेत बसले, बरोबर एक बदक आणि लसणाच्या माळा होत्या.

मी वाट बघितली. आज येतील, उद्या येतील. शेवटी बेलायाचा निरोप आला, येणाऱ्या तेलवाल्याच्या तोंडी, तिच्याच आवाजात त्यानं म्हणून दाखवला: "विहीणबाई, तुमच्या माणसाला घेऊन जा! आख्खं दिलबत माझ्या अंगणात मेंढे घेऊन उभं आहे. घाण्याचा बैल बुजतो. आणि हा बाबा मधेच उठून तीळ चाळायला बसतो, मुलीशी गप्पा मारत. गिऱ्हाइकांना वाटतं, मी बारू कामाला ठेवलाय."

मी भाऊजींना म्हटलं, "चला, आणायला जाऊ."

आम्ही दोघं दिलबतला उतरलो तेव्हा हे बेलायाच्या अंगणात पाय पसरून बसले होते. अंगाला तिळाचा वास, डोक्यात भुसा, मांडीवर चाळण. तबनी शेजारी, हसून हसून लाल. मला बघून हे जरा ओशाळले.

"निघायचं का?" मी विचारलं.

हे आभाळाकडे बघायला लागले.

"अहो, कौल नका लावू. साधं हो की नाही सांगा."

"नाही," हे म्हणाले. इतकं चटकन उत्तर ह्यांनी मला आख्ख्या संसारात दिलं नव्हतं.

भाऊजींनी खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि विचारलं, "आणखी एक चाळण आहे का?" बेलायानं कपाळावर हात मारला, आत गेली, आणि दोन घेऊन आली.